ट्रॉलरचा धूर गेला, डिझेल मात्र तेवढंच. काऊन?

पंपवाला_इतवारी
इतवारीत माझं डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचं दुकान, कामं सगळी ट्रक-ट्रॅक्टरची. आम्हा नागपूरकरांची चौपाटी म्हणजे फुटाळा. पण मामेबहीण रत्नागिरीला दिली, अन् भाऊजींचा ट्रॉलर, म्हणजे मागं जाळं ओढणारी मासेमारी बोट, तिथल्या मिरकरवाडा बंदरात. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, जूनमधे, ते इकडे आले तेव्हा सहाही नोझल फडक्यात गुंडाळून घेऊन आले. बेंचवर लावले तर दोन चक्क ठिबकत होते, फवारा नाहीच. बदलले, पंपही कॅलिब्रेट केला.

ऑगस्टात फोन: "काळा धूर गेला, पण फेरीला जेमतेम वीस-पंचवीस लिटर वाचतात." आठ दिवसांची फेरी, डिझेल 1,500 लिटर! लिटरमागं 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर फेरीला चार टन, राजेहो. माझं काही चुकलं का?

खाडीकाठ
तुमचं काम चोख आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर रिकामा चालवा आणि नांगर जमिनीत घालून चालवा, मग बघा. ट्रॉलिंग म्हणजे दिवसरात्र नांगरटच. डिझेल पितं ते जाळं. मागच्या पिशवीला 40 मिमी चौकोनी आस (जाळ्याचं भोक) लावला की तो ताणाखाली मिटत नाही, पाणी सुटतं, बारीक पिल्लंही सुटतात. दोराही बारीक पण मजबूत घ्यायचा. आमच्याकडे बोंबील-जवळ्याची डोल जाळी खुंटाला बांधून भरती-ओहोटीवर उभी असते, ओढायला इंजिन लागतच नाही.

जगाचा हिशोबही तसाच. 2011 साली मासेमारी बोटींनी सुमारे 4,000 कोटी लिटर इंधन जाळलं. कोळंबी-शेवंड-खेकडे पकडीत जेमतेम 6 टक्के, पण उत्सर्जनात 22 टक्के.

तांडेलाचा_पोरगा
वेग विसरलात! जाता-येता वेग दहा टक्के कमी केला तर तेवढ्याच अंतराला साधारण पाचवा हिस्सा डिझेल वाचतं. पण पहिल्या बोटीला भाव मिळतो, त्यामुळे बंदर दिसलं की आमचा बाबा थ्रॉटल दाबतोच. आणि बूड बंदीत खरवडलं तरी डिसेंबरपर्यंत शेवाळ-शिंपले परत चिकटतात.

धरमपेठी
आपल्या तलावातले ढिवर डोंगा वल्हवतात, डिझेल शून्य. रोहू खा अन् गप बसा 😄

पंपवाला_इतवारी
रोहू खातोच बाप्पा, पण बहिणीच्या घरी ते सांगू कसं?

भाऊजींशी बोललो. वेग कमी करायला अन् मधे एकदा बूड खरवडायला तयार आहेत. जाळ्याला मात्र हात लावू देत नाहीत. बारीक मासळी फिशमीलवाले (मासळीची भुकटी करणारे) नेतात, त्यातूनच डिझेलचा खर्च निघतो म्हणे. म्हणजे डिझेल भागवायला पिल्लं पकडायची, अन् पिल्लं पकडायला डिझेल जाळायचं! यावर माझ्या बेंचवर इलाज नाही.

एवढं सांगितलं, की पुढच्या बंदीत नोझल नको, प्रोपेलर आणा. पातं एका जागी वाकलंय म्हणतात. आमच्या गल्लीत बॅलन्सिंगवाला आहे, सध्या कूलरचे पंखे करतो, पण हात बसलेला आहे.