कुळवृत्तांतात नसलेली माणसं : ग्वाल्हेरची आरोग्यशाळा आणि आपली घरं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत मनीऑर्डरच्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या. महिन्याला एक, पाच रुपयांची. पत्ता : मानसिक आरोग्यशाळा, ग्वाल्हेर. आमच्या दारातून टांग्याने फार तर अर्ध्या तासाची वाट, आणि पैसे पोस्टाने!

तळाशी १९५६ सालचा कागद होता. मनोरुग्णाला भरती करायचं तर १९१२च्या कायद्याप्रमाणे नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. त्या अर्जाची ही नक्कल. अर्जदार माझे आजोबा, आणि अर्ज त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी. आमच्या छापील कुळवृत्तांतात आजोबांना दोन भाऊ आहेत. बहीण नाही.

शिंद्यांच्या राज्यात १९३५मध्ये सुरू झालेली ही आरोग्यशाळा, म्हणजे मनोरुग्णालय, आजही चालू आहे. पडक्या इमारतींच्या भुताखेतांच्या गोष्टी मला नकोत. तुमच्या घरातलं असं कोणी असेल, कुठल्याही गावच्या इस्पितळात, तर लिहा. नाव नको, नातं पुरे. (आलेली उत्तरं खाली दिली आहेत.)

*

आम्हा पोरांना दटावताना ग्वाल्हेरचं नाव कोणी घेत नसे. "आग्र्याला धाडीन" म्हणायचे. तिथलं इस्पितळ १८५९चं, त्यामुळे धाकही पिढ्यान्‌पिढ्यांचा. लग्न होऊन मुंबईला आले तर सासरी तेच वाक्य, फक्त "ठाण्याला पाठवा". माझ्या मुलांना मी ते कधी बोलू दिलं नाही. माझा मामा खरोखरच आग्र्याला होता.

*

इंदूर. आजी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढायची. कोणाचं, विचारलं की "मुकाट्याने जेवा". ती गेल्यावर काकूंनी सांगितलं : थोरल्या मुलाचं. तो तेव्हा इंदुरातल्याच बाणगंगेच्या मनोरुग्णालयात होता. जिवंत होता.

*

माझे वडील अशाच एका इस्पितळात कंपाउंडर होते. गाव सांगत नाही. वॉर्डात एक मराठी आजी होत्या. दुपारी लुगड्याचा पदर सारखा करून फाटकाशी बसायच्या आणि विचारायच्या, "टांगा आला का रे?" वडील म्हणत, "येतोय, माई." आई त्यांच्यासाठी भाकरी आणि लसणाची चटणी द्यायची. आजी भाकरी दोन्ही हातांत धरून आधी वास घेत, मग एक तुकडा मोडून वडिलांना देत. डॉक्टरांनी त्यांना घरी न्या असं कितीदा तरी लिहिलं. पत्रं परत येत. शेरा एकच : घर बदलले.

वडिलांना हे सांगताना आजही आवंढा येतो.

*

वकील आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवरची देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिली. आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ जरूर वाचा : घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला आत ठेवून घेता येत नाही. हे कलम मी धाकट्या भावासाठी पाठ केलं. तो आता आमच्या माडीवर राहतो. सकाळचं दूध तोच आणतो, उरलेले पैसे मोजून ओट्यावर ठेवतो.

*

मी स्वतः दीड महिना भरती होते. आई रोज डबा घेऊन यायची. जिन्यात शेजारीण भेटली की आपणहून सांगायची, "लेकीला भेटायला चाललेय, मानसिकच्या वॉर्डात." घरी परतले तेव्हा मला कोणापासून काही लपवावं लागलं नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कुळवृत्तांताच्या माझ्या प्रतीत आजोबांच्या नावाशेजारी शाईने त्यांच्या बहिणीचं नाव लिहिलं. पावत्या मार्च १९७१ला थांबतात. पुढचं विचारायला सोमवारी आरोग्यशाळेत जाते आहे.