मदत हवी आहे: वाळूतलं मीठ काढायचंय, कवचं राखायचीत

मला वाळू जमवायचा छंद आहे. जागोजागची वाळू 10 मिलिलिटरच्या काचेच्या कुप्यांत भरतो, प्रत्येकीवर ठिकाण आणि तारीख. नदीच्या वाळूचा काही त्रास नाही. समुद्राच्या वाळूतलं मीठ मात्र ओलावा ओढतं आणि दमट हवेत सगळी वाळू काचेला चिकटून गोळा होते.

म्हणून गोड्या पाण्यात तीनदा धुतली, सावलीत वाळवली. मीठ गेलं, पण पाणी ओतताना फोरॅमिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची, कवचंही गेली! भिंगाखाली गोगलगायीसारखी वळणदार दिसतात, बरीचशी अर्ध्या मिलिमीटरहून लहान. पोकळ असल्यामुळे वाळूच्या कणांपेक्षा सावकाश तळाला बसतात. माझ्या लेखी कुपीतलं खरं धन तेच. सुती कापडातून गाळलं तर धाग्यांत अडकली. कॉफीच्या गाळणकागदावर राहतात, पण सुकल्यावर खरवडताना फुटतात. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल सुचवू नका, कवचं कॅल्शियम कार्बोनेटची आहेत, विरघळतील.

नमुना जेमतेम दोन चमचे असतो, पुन्हा मिळणं कठीण. तर किती मायक्रॉनची जाळी घेऊ, आणि मीठ पूर्ण गेलं हे धुतानाच कसं ओळखायचं?