घरगुती उद्योगासाठी पहिली वेबसाइट स्वतः बनवतेय, जागोजागी अडकलेय. सल्ला हवा

सावद्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी सावद्याची (ता. रावेर). आई, काकू आणि गल्लीतल्या काही जणी मिळून उन्हाळी कामं करतात: बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया, आणि वर्षभर केळीचे वेफर्स. पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं मागवतात, त्यांच्या ओळखीतून नवीन माणसं येतात, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर तेच भाव, तेच फोटो, तीच कुरियरची माहिती पाठवत बसावं लागतं. म्हणून वेबसाइट करायचं ठरवलं. माझं बी.कॉम. झालंय, टॅली येतं, कोडिंग येत नाही.

एका कंपनीकडून डॉट इन नाव (डोमेन) आणि वर्षभराचं होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेतलं, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं. इथपर्यंत सरळ गेलं. त्यानंतर मात्र डोकं उठलंय. साइट उघडली की वर ‘नॉट सिक्युअर’ येतं. कंपनीला विचारलं तर एसएसएलचे (सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे सांगतात. थीम (साइटचा तयार साचा) ज्या फोटोला भुलून घेतली तशी ती दिसतच नाही, माझ्या साइटवर नुसतं पांढरं पान आणि ‘हॅलो वर्ल्ड’. आमच्या जुन्या पत्रकातला मराठी मजकूर कॉपी करून टाकला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला झाला. आणि मोबाइलवर फोटो उघडायला इतका वेळ लागतो की मावशीनेच ‘बंद पडलंय वाटतं’ म्हणून फोन ठेवून दिला.

पुढे रेटू, की कुणाला तरी पैसे देऊन करून घेऊ? जळगावचे एक जण करून देतो म्हणतात, पण ‘डोमेन माझ्या अकाउंटला घ्यावं लागेल’ असं त्यांचं म्हणणं आहे. खरंच सांगते, रात्री सगळं आवरल्यावर बसते आणि एकही गोष्ट पुढे सरकत नाही.

भुसावळ_जंक्शन
ताई, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: डोमेन कुणाच्याही अकाउंटला देऊ नका. कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही, ओळखीचा असला तरी. मी होस्टिंगच्या सपोर्टमध्ये काम करतो. सगळ्यात हताश फोन येतात ते अशाच लोकांचे. साइट करून देणाऱ्याशी बिनसलं किंवा त्याने नंबर बदलला, आणि दुकानाचं नाव त्याच्या ईमेलवर अडकून बसलं. साइट पुन्हा बनवता येते. पाकिटांवर छापलेलं नाव परत मिळवणं फार अवघड जातं. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर वर्डप्रेसमध्ये त्यांच्यासाठी वेगळा युजर तयार करा आणि काम झालं की तो काढून टाका. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल तुमच्याच घरात राहू द्या.

आता एसएसएल. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची ना-नफा संस्था २०१५ पासून हे प्रमाणपत्र फुकट देते, आणि बहुतेक होस्टिंगच्या सी-पॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पान) ते किंवा तसंच दुसरं मोफत प्रमाणपत्र आधीच असतं. सी-पॅनेल उघडून ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ शोधा, तुमच्या नावापुढे टिक करा आणि ‘रन ऑटो-एसएसएल’ दाबा. त्यानंतर वर्डप्रेसच्या सेटिंग्ज–जनरलमध्ये दोन पत्ते दिसतील, दोन्हींच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ असेल, तिथे ‘एचटीटीपीएस’ करा. तरीही ‘नॉट सिक्युअर’ गेलं नाही तर एखादा फोटो किंवा लोगो जुन्या पत्त्यावरून येत असतो. तो काढून नव्याने चढवा. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे नवख्या माणसाकडून मागतात याची मला मनापासून चीड येते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे निम्मा वैताग कमी होईल. नाव, जागा आणि वर्डप्रेस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच पावतीवर आल्या म्हणून एक होत नाहीत. साइटचा पत्ताच उघडत नसेल तर नावाकडे बघायचं (नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या जागेकडे न्यायचं ते सांगणारे सर्व्हर, बदलले असतील तर ४८ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, तोवर पुन्हा पुन्हा काही बदलू नका). पत्ता उघडतो पण एरर येतो, तर होस्टिंग किंवा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जास्तीचं साधन). दिसतं पण वेडंवाकडं, तर थीम. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा हे कळलं की सपोर्टवालाही तुम्हाला फिरवू शकत नाही.

डीटीपीवाला_अमळनेर
मराठीच्या काल्याचं मी सांगतो, माझा रोजचा विषय. तुमचं पत्रक कुठल्यातरी प्रेसमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं असणार. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि वर फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो. फॉन्ट काढला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. वेबसाइटला युनिकोडच लागतं, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेली पद्धत. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून आलेला मजकूर डोळे झाकून टाकू नका. जोडाक्षरावरची वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, रफार निसटतो, ‘भाकऱ्या’मधला ‘ऱ्य’ तुटतो. तुमचा मजकूर पानभर असेल तर मोबाइलवर बोलून टाइप करा आणि नंतर दुरुस्त करा, ते लवकर होतं.

फॉन्ट ‘मुक्त’ घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. ‘नोटो सान्स देवनागरी’ही चांगला. फक्त साधं आणि ठळक, एवढे दोनच प्रकार घ्या, सगळे घेतले तर साइट जड होते. थीम इंग्रजी डोक्यात ठेवून केलेली असते, म्हणून दोन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात. ओळींतलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. आणि अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ‘लेटर स्पेसिंग’, शून्य करा. पुष्कळ थीममध्ये मथळ्यांना ते दिलेलं असतं आणि त्याने शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. ‘बिबड्या’ हा शब्द तुटक-तुटक दिसला की समजायचं, कारण हेच.

आणि कळकळीची विनंती, भावपत्रकाचा फोटो काढून साइटवर चिकटवू नका. मोबाइलवर वाचता येत नाही, शोधणाऱ्याला नीट सापडत नाही आणि भाव बदलला की नवा फोटो करत बसावं लागतं. भाव टाइप करूनच टाका.

नंदुरबारी_मिरची
थोडं वेगळं मत मांडतो, ताई. वेबसाइट लागतेच का? आम्ही लाल मिरचीची पावडर विकतो. साइट केली होती, छान होती, पण तिच्यावर कुणी आलंच नाही. ऑर्डरी येतात त्या व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगवरून. तिथे फोटो, भाव, वर्णन सगळं टाकता येतं, पैसे लागत नाहीत. गूगलवर बिझनेस प्रोफाइलही मोफत आहे, त्याने नकाशावर दिसता. तुमची सगळी गिऱ्हाइकं आधीच व्हॉट्सअॅपवर आहेत. मग या रात्रीच्या जागरणाचा उपयोग काय?

भुसावळ_जंक्शन
मिरचीभाऊंचं म्हणणं वजनदार आहे, कॅटलॉग आजच करा. पण साइट सोडू नका असं मी म्हणेन. पाकीट कुणाच्या तरी हातात पुण्यात पडतं, त्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नसतो, त्याला पाकिटावरचं नाव टाइप करून काहीतरी दिसायला हवं. त्यासाठी एक पान पुरे. दहा पानांची साइट करायला निघालात म्हणूनच दमलात. एका पानावर काय असावं: तुम्ही कोण, काय मिळतं, वजन आणि भाव, कुठे पाठवता, अन्न परवान्याचा नंबर, आणि थेट व्हॉट्सअॅप उघडणारं बटण. झालं.

धुळे_पिक्सेल
थीमचा गोंधळ: जाहिरातीत दिसतं ते थीम अधिक त्यांचे फोटो, त्यांचा मजकूर, पुष्कळदा दोन-तीन प्लगइन. तुम्हाला मिळते ती रिकामी थीम. ती काढा आणि वर्डप्रेससोबत येणारी ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’ लावा. मग एक नवीन पान तयार करा, सेटिंग्ज–रीडिंगमध्ये ‘अ स्टॅटिक पेज’ निवडा आणि होमपेज म्हणून ते पान द्या. ‘हॅलो वर्ल्ड’ समोरून जाईल. ही एक सेटिंग न कळल्यामुळे किती जणांनी साइट अर्धवट सोडली असेल!

पानाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत द्या. मराठी शीर्षक दिलं की पत्ताही मराठीत होतो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक शेपटी होऊ शकते. लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते.

फोटो: मोबाइलचा मूळ फोटो ४-५ एमबीचा असतो. ‘स्क्वूश’ नावाचं गूगलचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, काही टाकावं लागत नाही. रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेब-पी, की फोटो दोनशे केबीच्या आत येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. आणि ताई, पाकिटांचे फोटो कमी, कामाचे जास्त टाका. ओल्या कापडावर गरम बिबडी थापताना काकूंचा हात, गच्चीवर खाटेवर टाकलेल्या बिबड्या, सकाळचं तिरपं ऊन. तीळ आणि मिरचीचे कण दिसले पाहिजेत. पुण्यात बसलेला आपला माणूस तो फोटो बघूनच मागवेल.

सावद्याची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार! ‘नॉट सिक्युअर’ गेलं!! पैसे न देता. होमपेजही जागेवर आलं, ‘मुक्त’ लावला, आईने चष्म्याशिवाय वाचून दाखवलं.

पण ऑनलाइन खरेदीसाठी एक प्लगइन टाकलं आणि आता सगळी साइटच गेली. ‘देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर’ एवढंच येतं, लॉगिनही उघडत नाही. केलेलं सगळं गेलं का?

भुसावळ_जंक्शन
काहीही गेलेलं नाही. तुमचं पान आणि मजकूर डेटाबेसमध्ये आहे, फोटो फोल्डरमध्ये आहेत. बिनसलंय ते एक प्लगइन. वर्डप्रेसमध्ये ५.२ आवृत्तीपासून (२०१९) अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची (दुरुस्तीसाठी आत जाण्याची) लिंक येते, ती स्पॅममध्येही बघा. नसेल आली तर सी-पॅनेलचा फाइल मॅनेजर उघडा, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये ‘प्लगइन्स’ फोल्डर आहे, त्यात त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी नुसता एक आकडा जोडला तरी चालेल. वर्डप्रेसला ते सापडणार नाही, आणि साइट उठेल.

उठली की दुसरं काही करण्याआधी बॅकअपचं प्लगइन टाका (‘अपड्राफ्ट-प्लस’ची मोफत आवृत्ती पुरते) आणि बॅकअप गूगल ड्राइव्हवर पाठवा. त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप होस्टिंग बंद पडलं की सोबतच जातो.

तापीकाठ
ताई, मन लाई करी र्‍हायनी, व्हई जाई सगळं. खरेदीची टोपली आत्ता नकोच. पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घेण्याची सेवा) घ्यायचा तर परतावा, गोपनीयता, अटी अशी पानं लागतात, कागदपत्रं लागतात. आणि बिबडी कुरियरमध्ये मोडते. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलून ‘थोड्या तुटतील, चालेल का’ हे ठरवणं बरं, नंतरच्या परताव्यापेक्षा. बटण दाबलं की व्हॉट्सअॅप, तिथे बोलणं, मग यूपीआय. ऑर्डरी आवरेनाशा झाल्या की टोपली लावा.

सावद्याची_लेक
उठली साइट! फोल्डरचं नाव बदललं आणि लगेच आली. बॅकअपही लावला. टोपली रद्द. जळगावच्यांना नम्रपणे नाही कळवलं.

शेवटचं एक: संपर्काचा फॉर्म ठेवलाय, भावाने भरून बघितला, पण ईमेल आलाच नाही.

भुसावळ_जंक्शन
वर्डप्रेस सर्व्हरवरून जी मेल पाठवतं तिची ओळख पटत नाही म्हणून जीमेल ती स्पॅममध्ये टाकतं किंवा घेतच नाही. एसएमटीपीचं (मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचं) प्लगइन लावून स्वतःच्या मेल खात्यातून पाठवायला लावलं की सुटतं. पण तुमच्या पानाला फॉर्म हवा कशाला? तो काढा आणि त्या जागी फोन नंबर मोठ्या अक्षरात टाका, बोट लावताच फोन लागेल असा. आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा, सोबत पुढच्या वर्षीचा दरही बघून ठेवा. पहिल्या वर्षाचा भाव पुष्कळदा सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षी तो कितीतरी वाढलेला असू शकतो.