मदत हवी आहे: एलपीसाठी मायक्रोलिनिअर सुई घ्यावी की शिबाता?

नमस्कार मंडळी. माझ्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारा, तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) आहे, सुईचा दाब २ ग्रॅम. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला आवाज सुरेख येतो, पण लेबलजवळ पोचता पोचता गायिकेचा ‘स’ फाटायला लागतो. झांजांचाही नुसता चरचराट. रेकॉर्डी धुतलेल्या आहेत, अलाइनमेंट, म्हणजे खाचेत सुई सरळ बसते का ते, प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या पट्टीवर) दोनदा तपासली आहे.

कारण कळतं. मिनिटाला फेरे तेच ३३⅓, पण आतल्या फेऱ्याचा घेर लहान, म्हणून तेवढाच आवाज कमी लांबीच्या खाचेत दाटून बसलेला असतो. तिथल्या बारीक नागमोडींत माझ्या सुईचं लंबवर्तुळाकार टोक नीट शिरत नाही.

याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनिअर आणि शिबाता, या दोन्ही जास्त बारीक घडवलेल्या टोकांच्या सुया बसतात. माझा कल मायक्रोलिनिअरकडे आहे. दोन्ही वापरलेल्या कुणी सांगाल का, शेवटच्या गाण्यात फरक खरंच जाणवतो का? आणि आधीच गोल टोकाच्या सुईने झिजलेल्या रेकॉर्डींवर मायक्रोलिनिअर जास्त खरखर उकरून काढते का? माझ्याकडे अशा बऱ्याच आहेत, आणि त्याच सगळ्यांत लाडक्या.

शिवाय ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्याही आहेत. त्यांची खाच रुंद, म्हणून ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी लागणारच. ती याच कार्ट्रिजवर बदलून लावायची आणि दर वेळी दाब नव्याने जुळवायचा, की दुसऱ्या हेडशेलवर (कार्ट्रिज धरणाऱ्या, काढता येणाऱ्या टोकावर) मोनो कार्ट्रिज कायमचं बसवून ठेवायचं? तुम्ही काय करता?