तडीपारी थेट होत नाही

एकाने विचारलंय, "ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या टोळक्याला पोलीस सरळ तडीपार (ठराविक मुदतीसाठी हद्दीबाहेर) का करत नाहीत?" कारण केलं तर ते टिकत नाही.

आधी सहसा चॅप्टर केस, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी (बंधपत्र) घेण्याची कारवाई. शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (भानासुसं) कलम १२६ (जुन्या सीआरपीसीचं १०७), बंधपत्र जास्तीत जास्त १ वर्षाचं. सराईत गुन्हेगाराला कलम १२९, मुदत ३ वर्षांपर्यंत. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे बहुधा सहाय्यक पोलीस आयुक्तांसमोर (एसीपी) चालतं. गणपतीआधी वाटतात ती भानासुसं कलम १६८ ची नोटीस म्हणजे नुसती ताकीद. तिला तडीपारी समजू नका.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची: टोळीला कलम ५५, एकट्याला ५६. कमाल २ वर्षं. प्रस्ताव कोसळतो तो नेहमीच्याच दोन जागी. गुन्हे चार-पाच वर्षांपूर्वीचे, ताजं काहीच नाही. आणि साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत, हे अधिकाऱ्याने स्वतः पडताळून लिहिलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तडीपारीला असाधारण उपाय म्हटलंय.

म्हणून रहिवाशांनी मोघम "त्रास देतात" लिहू नये. तारीख, वेळ, जागा, कोणी काय केलं हे लिहून पोच घ्या. उघड बोलायची भीती असेल तर गोपनीय जबाब देता येतो. तडीपारीच्या आदेशाविरुद्ध टोळक्याला ३० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, हेही धरून चाला.