लेकरांसाठी काय राखतोय? मराठवाड्यातले टिकलेले अनुभव

नमस्कार मंडळी. पाणी, माती, बियाणं, वीज, कचरा यांपैकी कशाबद्दलही तुमच्या घरात एखादी चांगली सवय लागली असेल आणि ती अजून चालू असेल, तर इथं लिहा. आठही जिल्ह्यांतून लिहा. काम मोठंच असलं पाहिजे असं नाही. कसं करता, घरातलं कोण बघतं आणि मुख्य म्हणजे ते टिकलं कशामुळं, एवढं जरूर सांगा.

टिकण्याबद्दल मुद्दाम विचारतोय. दुष्काळाच्या साली आपल्याकडं प्रत्येक घर काटकसर करतं. भांडी विसळलेलं पाणी झाडाला जातं, आंघोळीची बादली अर्ध्यावर येते. पुढच्या साली मांजरा, तेरणा भरून वाहिल्या की हे सगळं मागं पडतं. चांगल्या पावसाच्या सालात आपण कसं वागतो, त्यावर आपल्या लेकरांच्या वाट्याला काय येणार हे ठरेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून भरल्या सालातले अनुभव जास्त हवेत.

लातूर शहर, निवृत्त शिक्षिका

२०१६ चा उन्हाळा आमच्या गल्लीत कुणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होते. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. घागरींच्या रांगेत उभी राहून शाळा बुडवणारी लेकरं मी माझ्या वर्गातच पाहिली.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही छताचं पाणी बोअरला सोडलं. हिशोब मी मुलांना फळ्यावर शिकवायचे तोच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छत १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ६५ हजार लिटर. उडालेलं, सांडलेलं सोडून दिलं तरी ५० हजार लिटर कुठं जात नाही. पाच हजार लिटरचे दहा टँकर आपल्याच डोक्यावर पडतात आणि गटारीत जातात.

छताचे सगळे पाइप एका जागी आणलेत. तिथं एक कॉक आहे, पहिल्या पावसाचं मळकं पाणी त्यातून बाहेर सोडतो. मग पाणी एका ड्रममधून जातं. त्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि प्रत्येक थराच्या मध्ये नायलॉनची जाळी. तिथून बोअरच्या केसिंगभोवतीच्या (बोअरमधल्या पाइपाभोवतीच्या) खड्ड्यात. मे महिन्यात वाळू काढून धुवायची, हे एवढंच दरवर्षीचं काम.

टिकलं ते नातवामुळं. त्यानं सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा गच्चीवर ठेवलाय. पाऊस थांबला की पट्टी बुडवून मोजतो आणि कालदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहितो: "१४", "३", "४१". ४१ लिहिलेल्या रात्री त्यानं सगळ्या घराला उठवून किती हजार लिटर झालं ते सांगितलं होतं. ज्या पोराला पाऊस मोजता येतो ते नळ उघडा ठेवत नाही, हा माझा अनुभव.

नांदेड जिल्हा, हिमायतनगर तालुका, आशा कार्यकर्ती

आमच्या तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेतले, ते बघायला लांबलांबून लोक आले. बघून आम्हीपण केले. खड्डा चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मध्ये सिमेंटची टाकी, तिच्या वरच्या अंगाला भोकं, भोवती दगडगोटे आन खडी. न्हाणीचं पाणी टाकीत पडतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडात आन तिथून जमिनीत मुरतं. गटार वाहतच नाही, मग डासानं अंडी घालायची कुठं? पूर्वी पावसाळ्यात माझी तापाची वही भरून जायची. आता तशी भरत नाही.

बाया हे सोडत नाहीत, कारण दारातला चिखल गेला. दिवाळीच्या साफसफाईत टाकीतला गाळ उपसायचा, तो परसातल्या शेवग्याला घालायचा.

परभणी जिल्हा, शेतकरी

मी बियाण्याबद्दल लिहितो. खत-औषधाबद्दल सगळे बोलतात, बियाण्याबद्दल कमी बोलतात.

आजीच्या काळी ज्वारीची कणसं निवडायला ती स्वतः रानात जायची. दाणा टपोरा, ताट मजबूत, कणीस भरीव, असं बघून वेगळं बांधून आढ्याला टांगायची. सोयाबीन आलं आणि बियाणं दुकानातून आणायची गोष्ट झाली. पण सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणजे त्याच फुलातल्या परागानं दाणा धरतो. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं घरचं बी चालतं. आमच्याच कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस १६२ हे वाण आहेत, ते आम्ही घरी राखतो.

काळजी एकच: या दाण्याचं कवच फार पातळ. बियाण्याच्या तुकड्याची मळणी वेगळी आणि हळू वेगात करायची. पोतं खांद्यावरून दाणकन टाकायचं नाही, आपटलं की आतला कोंब मेला. ठेवायचं गोणपाटात, खाली लाकडी फळ्या, थप्पी उंच लावायची नाही, भिंतीला टेकवायचं नाही.

मे महिन्यात उगवण बघायची. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे. वरून दुसरा ओला तुकडा, मग वळकटी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडायची. हे काम आमच्याकडं धाकट्या पोरीचं. ती ओट्यावर बसून चांगले कोंब एकीकडं, वाकडे-कुजके दुसरीकडं ठेवते आणि मोजते. ७० च्या वर आले की एकरी ३० किलो पुरतं. कमी आले तर तेवढं प्रमाण वाढवायचं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढायची नाही, शेजाऱ्यानं काढली तरी नाही. दुबार पेरणीनं जेवढी घरं मोडली तेवढी पडलेल्या बाजारभावानंही मोडली नसतील.

चांगल्या सालात हे सोडून द्यावं वाटतं, हातात पैसा असतो, दुकान जवळ असतं. आम्ही सोडत नाही, कारण बॅगेच्या किमतीचा फरक आमच्या घरात पोरींच्या शिक्षणाला लावायचा ठराव झालाय. ठराव बायकोनं मांडला, सगळ्यांनी मान्य केला.

लातूर जिल्हा, औसा तालुका

आमचा अनुभव येळवशीचा. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव रानात असतं. भज्जी, उंडे, आंबील, आल्या-गेल्याला जेवायचा आग्रह. मध्यंतरी थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले आले, दुसऱ्या दिवशी तेच सगळं बांधाबांधावर उडायचं, गुरांच्या पोटात जायचं. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा आमच्या बचत गटानं स्टीलची ताटं, वाट्या, तांबे घेतले. भाडं नाममात्र, हरवलं तर भरून द्यायचं. लग्नं, बारशी, सप्ताह, सगळ्याला हीच भांडी जातात. गटाला चार पैसे मिळतात, म्हणून कपाटाची किल्ली कधी हरवत नाही.

बीड जिल्हा, धारूर तालुका

आमच्या घरातून ऊसतोडीला दोन कोयते जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. मी लहानपणी सहा-सहा महिने आजीजवळ राहिलो. आई उन्हाळ्यात यायची तेव्हा धाकटा भाऊ तिला बघून आजीच्या मागं लपायचा.

गावानं माथ्यापासून पाणलोटाचं काम घेतलं. आधी डोंगराच्या उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघायला आमची माणसं गेली होती. तिथं द्राक्षांच्या बागा आणि शेततळी आहेत, पण त्यांनीही आधी माथ्यावरचं पाणी अडवलं आणि मग शेततळी खोदली. हा क्रम आम्ही सोडला नाही. आता विहिरीला शिमग्यापर्यंत पाणी राहतं. रब्बीची ज्वारी होते, थोडा कांदा होतो, कडब्यावर दोन म्हशी निघतात. भावाचा कोयता घरी राहिलाय. त्याची लेकरं एकाच शाळेत सबंध वर्ष बसतात. माझ्या लेखी शाश्वत विकास म्हणतात तो हाच.

आता टिकण्याबद्दल. भरल्या सालात विहिरी तुडुंब असतात आणि लोकांच्या मनात ऊस येतो. ग्रामसभेत दरवर्षी पावसाळा संपला की यावर बोलणं होतं, कधी भांडणंही होतात. नाल्यातल्या पाण्याला मोटार लावायची नाही, ते गुरांचं आणि मुरण्याचं. आणि नवीन खोल बोअर नाही. भूजलाच्या कायद्यातही शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाई आहे, पण कायद्याच्या धाकानं कुणी थांबत नाही. ज्यांच्या घरची माणसं तोडीला जाऊन आलीत, ती उभी राहून बोलतात, तेव्हा थांबतात. आपला खडक काळा बसाल्ट. त्यात पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असतं. ८०० फुटांवर लागलेलं पाणी ओढून संपवलं तर ते पुन्हा कधी भरणार, ह्याचं उत्तर कुणाजवळ नाही. ते आपल्या नातवंडांचं पाणी आहे.

छत्रपती संभाजीनगर, फ्लॅटमध्ये राहणारी

२०१८ साली शहरात कचराकोंडी झाली होती. नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या भाजीचे देठ त्यांच्या उशाशी का कुजावेत? तेव्हापासून ओला कचरा घरातच जिरवते. भोकं पाडलेल्या दोन बादल्या, एक भरते तेव्हा दुसरी मुरते. देठांचा एक थर, वाळक्या पाल्याचा एक थर, सुरुवातीला आंबट ताकाचा हबका. वास आला की समजायचं ओल जास्त झाली, पाला वाढवायचा. जिन्यातल्या तिन्ही शेजारणी आता कढीपत्त्याला हेच खत नेतात, त्यामुळं बंद करायची सोय राहिली नाही. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्यानं फरशी पुसते, झाडांना मात्र ते रोज घालत नाही, क्षार असतात.

धाराशिव जिल्हा, शेतकरी महिला

माझं रान थोडं आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या ताईंनी आमच्या गटाला एक एकराची पद्धत शिकवली. एक एकर बाईच्या हाताखाली, त्यात घरात खायचं आधी: ज्वारी, डाळी, भाज्या, मोहरी, जवस, असं मिसळून. रासायनिक औषध नाही, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) आणि गांडूळखत. ह्या कामासाठी संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट ही वाटते की पाऊस लांबला तरी सगळीच पिकं एकदम जात नाहीत. मूग गेला तर तूर हाताला लागते. मालक आधी म्हणले, एवढ्याशा तुकड्यात काय होणार. करोनाच्या टाळेबंदीत बाजार बंद होते तेव्हा आमच्या घरात भाजी होती, आन शेजारच्या चार घरांनाही दिली. तवापासून तो एकर मागायला कुणी येत नाही.

परभणी जिल्हा, सेलू तालुका

वालूरची चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, गावकऱ्यांनी गाळ-कचरा काढून मोकळी केली. मराठवाड्यात अशा बारवा गावोगाव आहेत, बऱ्याच झुडपांत आणि कचऱ्यात गेल्यात. तुमच्या गावातली एकदा वाकून बघा. महाशिवरात्रीला दिवे लावायची प्रथा आता पुष्कळ ठिकाणी सुरू झालीय. दिवे लावायचे म्हणून आधी पायऱ्या झाडल्या जातात, ते मला जास्त आवडतं.

हिंगोली जिल्हा

परभणीच्या दादांना विचारायचंय. तुरीचं आणि कापसाचं घरचं बी चालतं का? गेल्या साली बॅगेला फार पैसे गेले.

परभणी जिल्हा, शेतकरी

ताई, कापसाचं नाही. बाजारात बहुतेक संकरित वाण आहेत, त्यांचं घरचं बी पुढं एकसारखं येत नाही. तुरीचं चालतं, बदनापूरचं बीडीएन ७११ मी राखतो. पण तुरीत मधमाश्या एका वाणाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. शेजारी दुसरं वाण असेल तर कडेच्या ओळी सोडून द्या, रानाच्या मधल्या भागातली निरोगी झाडं फुलोऱ्यातच निवडून त्यांना चिंध्या बांधा. मर रोग लागून वाळलेल्या झाडाच्या आसपासचं बी घेऊ नका. कडक उन्हात वाळवून, राख चोळून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवा. किलोभर हवं असेल तर येळवशीनंतर कळवा, आमची तूर तेव्हा निघते.