डीएनए-दुरुस्तीचे महासंगणकावरील सिम्युलेशन: त्यातून नेमके नवे काय कळते?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डीएनएच्या धड्यात दुरुस्तीचा विषय ओघाने येतो, आणि दरवर्षी मी मुलांना सांगते की कोणताही किरणोत्सर्ग नसताना, केवळ शरीराची ऊब आणि पेशीतले पाणी यांमुळे, आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएच्या कण्यापासून दररोज सुमारे १०,००० प्युरीन बेस (डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी ॲडेनीन आणि ग्वानीन) गळून पडतात. टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात हा ऱ्हास मोजला. पुढे दुरुस्तीच्या यंत्रणांवरील कामासाठी त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यंदा मी वर्गात असेही सांगितले की ही दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या हालचाली आता महासंगणकावर अणूअणूने पाहता येतात. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. ती म्हणाली, "सुरुवातीची रचना प्रयोगातून घ्यायची, अणूंमधल्या बलांची सूत्रेही माणसांनीच बसवलेली, मग संगणक आपण घातलेलेच आपल्याला परत देत नाही का?" हा आक्षेप मला वरवरचा वाटत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया नेमके सांगावे: सिम्युलेशनमुळे कळली आणि एरवी कळली नसती, अशी दुरुस्तीबाबतची एखादी गोष्ट आहे का?

फेम्टोसेकंद

प्रश्न या क्षेत्राच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी संगणकीय रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे आणि डीएनएला बिलगणारी प्रथिने हाच माझा विषय आहे.

बलांची सूत्रे आपण घालतो हे खरेच आहे. परंतु दोन अणूंमध्ये किती ओढ आहे हे ठाऊक असणे वेगळे, आणि पाण्यासकट दोन लाख अणू एकत्र आल्यावर त्यांतली बेसची एक विशिष्ट जोडी कोणत्या वाटेने उघडेल, त्यासाठी किती ऊर्जा लागेल, हे ठाऊक असणे वेगळे. दुसरी गोष्ट पहिलीतून निघते, पण ती कागदावर काढता येत नाही. एकेक पाऊल टाकत तिथवर चालत जावे लागते. हे पाऊल फार लहान असते. हायड्रोजनयुक्त बंध अतिशय वेगाने कंप पावतात, त्यामुळे एका पावलात साधारण २ फेम्टोसेकंदांपेक्षा जास्त काळ ओलांडता येत नाही (हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद, आणि दहा लाख पिकोसेकंदांचा एक मायक्रोसेकंद). म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावले, आणि प्रत्येक पावलाला सर्व अणूंवरील बलांचा नव्याने हिशेब. डीएनएमधील मधली जोडी आपण होऊन उघडायला सहसा काही मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदाची पावले होतात ५०,००० कोटी.

प्रथिनाचे असे पहिले सिम्युलेशन १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी केले. ५८ अमिनो आम्लांचे ते लहानसे प्रथिन त्यांना ९.२ पिकोसेकंद पाहता आले. त्याच प्रथिनाचे एक मिलिसेकंदाचे सिम्युलेशन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, तेही केवळ याच कामासाठी घडवलेल्या 'अँटन' या यंत्रावर. मधल्या ३३ वर्षांत हा कालावधी दहा कोटी पटींहून अधिक वाढला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो बातम्यांमधून सतत पसरतो. महासंगणक दहापट मोठा केला म्हणून दहापट लांबचा काळ दिसत नाही. पुढचे पाऊल मागच्यावर अवलंबून असते, त्यामुळे एका मर्यादेनंतर कामाची वाटणी करूनही वेग वाढत नाही. गणन-एकके परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करण्यातच वेळ घालवू लागतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत २०१८ ते २०२४ या काळात 'समिट' हा महासंगणक होता. त्यात ४,६०८ नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले स्वतंत्र संगणक, होते आणि प्रत्येकात सहा जीपीयू (एकाच वेळी अनेक गणिते करणाऱ्या चिप), म्हणजे एकूण २७,६४८. त्या सगळ्यांना एकच सिम्युलेशन देण्यात अर्थ नसतो.

मग त्यांचा उपयोग कसा करतात? समजा, खराब झालेला बेस दुहेरी सर्पिलातून बाहेर वळून एन्झाइमच्या खाचेत कसा शिरतो, हे पाहायचे आहे. एखाद्या घाटाची उंची नोंदवायची असेल, तर एकाच माणसाने पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायला हवे असे नाही. प्रत्येक वळणावर एकेक माणूस उभा करून त्याला आपल्या आसपासचा चढ मोजायला सांगता येतो. त्याचप्रमाणे बेसच्या वळण्याच्या कोनाचे लहान लहान टप्पे पाडतात, प्रत्येक टप्प्यात त्या बेसला काल्पनिक स्प्रिंगने धरून ठेवतात आणि असे प्रत्येक सिम्युलेशन वेगळ्या नोडवर एकाच वेळी चालवतात. शेजारच्या टप्प्यांमधील नोंदी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असाव्या लागतात, म्हणजे त्या जोडून संपूर्ण घाटाचा आलेख मिळतो. हा ऊर्जेचा आलेख कोणीही संगणकात घातलेला नसतो, आणि प्रथिनाच्या स्फटिकावरून प्रयोगाने काढलेल्या स्थिर रचनेतही तो नसतो.

क्षकिरण

मी प्रयोगाच्या बाजूची आहे. प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांची रचना काढते. तरीही धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी 'होय' असे देईन, आणि एक उदाहरणही देईन.

आपल्या पेशीत ओजीजी१ नावाचे एन्झाइम आहे. ऑक्सिडीकरणाने बिघडलेला ग्वानीन, म्हणजे ८-ऑक्सोग्वानीन, हुडकून कापून टाकणे हे त्याचे काम. निरोगी आणि बिघडलेल्या ग्वानीनमध्ये फरक केवढा? एका जागी हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन आणि शेजारच्या नायट्रोजनवर एक जास्तीचा हायड्रोजन, इतकाच. एवढ्याशा खुणेवरून पेशीतल्या सुमारे ६०० कोटी जोड्यांमधून खराब बेस वेचायचा, आणि ते राहून गेले तर प्रतिकृती बनताना त्याच्यासमोर चुकीचा ॲडेनीन बसून कायमचे उत्परिवर्तन होण्याचा धोका असतो.

हार्वर्डमधील ग्रेगरी वर्डाइन यांच्या गटाने २००५ मध्ये हे एन्झाइम निरोगी ग्वानीनची तपासणी करत असतानाच रासायनिक बंधाने जखडून टाकले आणि त्याची रचना काढली. दिसले ते अनपेक्षित होते. निरोगी ग्वानीनसुद्धा सर्पिलातून बाहेर काढलेला होता, पण खऱ्या खाचेत न शिरता तो तिच्या उंबरठ्यापाशी थांबला होता. तो आत का जात नाही, हे स्फटिक सांगू शकत नव्हता, कारण न घडलेल्या घटनेचे चित्र मिळत नाही. त्याच शोधनिबंधात मार्टिन कारप्लस यांच्या सहभागाने केलेले ऊर्जेचे गणित होते. बिघडलेला ग्वानीन खाचेत सुखाने बसतो, निरोगी ग्वानीनला मात्र तिथल्या विद्युतभारांमुळे आत जाणे महाग पडते, हे त्या गणिताने दाखवले. जागा प्रयोगाने दाखवली, कारण गणनेने.

आता दुसरी बाजू. विद्यार्थिनीचा संशय निराधार नाही आणि तिला तसे जरूर सांगावे. डीएनएसाठी वापरली जाणारी बलांची जुनी सूत्रे थोड्या काळाच्या सिम्युलेशनमध्ये उत्तम वाटत. संगणक वेगवान होऊन काळ लांबला, तेव्हा त्याच सूत्रांमुळे डीएनएचा कणा हळूहळू वेडावाकडा होत असल्याचे दिसून आले. २००७ मध्ये बार्सिलोनातील गटाच्या पुढाकाराने ती सूत्रे सुधारण्यात आली. त्यापूर्वी प्रसिद्ध झालेली चित्रेही तितकीच सुबक होती, हे विसरू नये. मॅग्नेशियमसारख्या दुहेरी भाराच्या आयनांचे वर्णन आजही समाधानकारक नाही, आणि दुरुस्तीची कितीतरी एन्झाइमे मॅग्नेशियमशिवाय कामच करत नाहीत. शिवाय साध्या सिम्युलेशनमध्ये रासायनिक बंध तुटत नाही. प्रत्यक्ष काप कसा बसतो हे पाहायला मोजक्या अणूंसाठी क्वांटम गणित आणि उरलेल्यांसाठी साधे गणित, अशी सांगड घालावी लागते. अशा बहुस्तरीय प्रतिरूपांसाठीच २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना मिळाले.

सिम्युलेशनचा शोधनिबंध हातात आला की मी आधी एवढेच पाहते, की त्यांनी एखाद्या अमिनो आम्लाचे नाव घेऊन 'हे बदला, म्हणजे असे होईल' असे काही म्हटले आहे का. तसे म्हटले असेल, तर आमच्यासारख्यांना ते खोटे ठरवण्याची संधी मिळते.

रानजाई (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. घाटाचे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. आणखी एक शंका विचारते. एक्सपीडी या एकाच जनुकातील वेगवेगळ्या बिघाडांमुळे वेगवेगळे आजार होतात असे वाचले आहे. झेरोडर्मा पिग्मेंटोसममध्ये उन्हाने त्वचेचे कर्करोग होतात, तर ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीमध्ये केस ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते, पण कर्करोगाचे प्रमाण तसे वाढत नाही. जनुक एकच असताना असे का घडते, यावर सिम्युलेशनने काही प्रकाश टाकला आहे का?

फेम्टोसेकंद

होय, आणि माझ्या मते महासंगणकाची खरी गरज अशाच ठिकाणी लागते. एक्सपीडी जनुकापासून बनणारे एक्सपीडी हे प्रथिन एकटे काम करत नाही. ते टीएफआयआयएच या दहा प्रथिनांच्या समूहाचा भाग आहे आणि या समूहाला दोन नोकऱ्या आहेत. जनुकाचे वाचन सुरू होताना डीएनए उघडायला तो मदत करतो. आणि अतिनील किरणांनी डीएनएवर गाठ पडली की तोच समूह तिच्याभोवतीचे धागे उलगडतो, मग एक्सपीएफ आणि एक्सपीजी ही एन्झाइमे दोन बाजूंनी काप घेऊन साधारण २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या धाग्यातील एककांचा) तुकडा काढून टाकतात. वाचनाच्या कामात एक्सपीडी केवळ आधार म्हणून लागते, तर दुरुस्तीत त्याची धागे उलगडण्याची प्रत्यक्ष क्रिया लागते. त्यामुळे बिघाड फक्त त्या क्रियेत असला तर दुरुस्ती अडते, आणि समूहाची बांधणीच डळमळीत झाली तर वाचनावरही परिणाम होतो. एवढे जैवरसायनशास्त्राने आधीच सांगितले होते.

अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात इवाइलो इवानोव्ह यांच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनांनी प्रतिमा घेऊन) मिळालेल्या रचना घेऊन या संपूर्ण समूहाची सिम्युलेशने केली. त्यांचे यासंबंधीचे शोधनिबंध २०१९ आणि २०२३ मध्ये आले. कोणते भाग एकमेकांसोबत हलतात यावरून त्यांनी यंत्राचे गट पाडले आणि रुग्णांमध्ये आढळलेली उत्परिवर्तने त्या नकाशावर मांडली. त्यांपैकी अनेक अशा गटांच्या सीमांवर, म्हणजे जिथे एका भागाची हालचाल दुसऱ्याकडे पोहोचते तिथे, एकवटलेली दिसली. नंतरच्या कामात हा समूह वाचनाच्या स्थितीतून दुरुस्तीच्या स्थितीत जाताना कोणकोणत्या अवस्थांमधून जातो, ती वाट काढण्यात आली. स्थिर रचनेत एकमेकांपासून दूर दिसणाऱ्या दोन जागा एकाच हालचालीचे दोन सांधे असू शकतात, हे केवळ रचना पाहून ओळखणे फार अवघड होते. मात्र एखाद्या विशिष्ट रुग्णाला कोणता आजार होईल हे अशा नकाशावरून थेट सांगता येत नाही. तसा दावा कोठे वाचलात तर सावध राहावे.

अणुरेणू

वरील चर्चेत एका व्यावहारिक गोष्टीची भर घालतो. महासंगणक मोठ्या समूहांसाठी लागतो आणि तो आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत 'परम ब्रह्म' बसवण्यात आला. परंतु विद्यार्थिनीला तिचा प्रश्न स्वतः तपासायचा असेल, तर चांगला जीपीयू असलेला एक संगणक पुरेसा आहे. ग्रोमॅक्स हे अशा सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. प्रथिनांच्या खुल्या डेटाबँकेतून '१बीएनए' या क्रमांकाची रचना घ्यावी. ती १२ जोड्यांच्या डीएनएची आहे. पाणी आणि सोडियमचे आयन घालून असे सिम्युलेशन एका दिवसात शेकडो नॅनोसेकंद पुढे जाऊ शकते.

तिला दोनच गोष्टी मोजायला सांगा: टोकाच्या जोड्यांमधील हायड्रोजन बंधांचे अंतर आणि मधल्या जोड्यांमधील तेच अंतर. काळ पुरेसा दिला तर टोकाची जोडी मधूनमधून सैल होऊन उघडताना दिसू शकेल, तर मधली जोडी आठवडाभर संगणक चालवूनही बहुधा उघडणार नाही. ती उघडण्यासाठी स्प्रिंग का लावावी लागते, हे तिला त्या दोन आलेखांवरून कळेल. दोन्ही आलेख इथे टाकलेत तर पुढची पायरी मी अवश्य लिहीन.